धरणात घेर, काठावर हौद की नाल्यात पिंजरा?

पाण्याच्या प्रदूषणावरचे आपल्याकडचे प्रबंध साधारण दोन जातींचे असतात. एकात दर महिन्याला धरणावरून बाटल्या भरून आणलेल्या असतात आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली), बीओडी (घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू), नायट्रेट, फॉस्फेटचे तक्ते असतात. दुसऱ्यात काचेच्या टाकीत मासे सोडून, विषाची मात्रा चढवत नेऊन ९६ तासांत निम्मे मासे कितीला मरतात ते काढलेलं असतं. पहिल्यात पाणी खरं, पण कशामुळे काय झालं ते छातीठोकपणे सांगता येत नाही. पाऊस, गाळ, सांडपाणी, कॅनॉलचं आवर्तन (सिंचनासाठी ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी) सगळं एकाच वेळी चालू असतं. दुसऱ्यात कारण पक्कं कळतं, पण त्या पाण्यात ना गाळ, ना शेवाळ, ना डोक्यावर ऊन.

या दोहोंच्या मधे एक वाट आहे. खऱ्या पाण्याचा तुकडा कोंडायचा, त्यात मोजून प्रदूषक घालायचं, शेजारच्या तशाच तुकड्यात काही घालायचं नाही आणि काही आठवडे दोन्हींवर नजर ठेवायची. हे धरणातच ताडपत्रीचा घेर उभारून करता येतं किंवा काठावर हौद बांधून, धरणाचंच पाणी आणि गाळ त्यात भरून. काहीच न घालता, वाहत्या घाणीतच पिंजऱ्यात मासे किंवा शिंपले ठेवून बघणं हा तिसरा मार्ग. मराठवाड्यातलं एखादं महाविद्यालय, संशोधक विद्यार्थी किंवा नगरपालिकेसाठी अभ्यास करणारा गट यातलं काय निवडेल, त्यासाठी हा आढावा.

माझा कल आधीच सांगून टाकतो. खत, सांडपाणी आणि गाळ यांचा प्रश्न असेल तर घेराला पर्याय नाही. कीटकनाशक किंवा जड धातू असेल तर धरणाकडे फिरकूसुद्धा नका, हौद बांधा. ‘या नाल्यामुळे मासे मरतात का’ एवढंच विचारायचं असेल तर पिंजरा पुरतो. आणि यातलं काहीही ठरवण्याआधी जलसंपदा विभागाच्या शाखा अभियंत्याला गाठून यंदा आवर्तनं किती आणि कधी ते विचारून या.

काचेच्या टाकीत न दिसणारी गोष्ट

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर अमोनियाचं उदाहरण घ्या. सांडपाण्यातला अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि माशाला मारतो तो त्यातला मुक्त, म्हणजे भार नसलेला भाग. पाणी ३० अंशांचं आणि पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अडीच टक्के भाग मुक्त असतो. पीएच ८.५ झाला की तोच २० टक्के होतो, ९ झाला तर ४५ च्या घरात जातो. प्रयोगशाळेतल्या टाकीत पीएच दिवसभर जागचा हलत नाही. सांडपाणी मिळालेल्या खऱ्या तळ्यात मात्र शेवाळ माजतं, दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच चढत जातो. म्हणजे सांडपाण्याने आधी शेवाळ वाढवलं आणि त्या शेवाळाने सांडपाण्याचं विष वाढवलं. पहाटे उलटा खेळ: तेच शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं आणि मासे सूर्योदयाच्या आधी वर येऊन तोंड वासतात. ही साखळी पाण्याचा तुकडा त्यातल्या सगळ्या जिवांसकट कोंडला तरच दिसते.

जगात हे फार पूर्वी करून झालंय. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात प्रायोगिक तळ्यांचं एक क्षेत्र १९६८ पासून आहे. तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधे चिंचोळी कंबर होती. १९७३ मध्ये त्या कंबरेत प्लॅस्टिकचा पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात त्याबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो डिटर्जंटमधल्या फॉस्फेटविरुद्धच्या वादात हजार तक्त्यांपेक्षा जास्त कामी आला. त्याच दशकात ब्रिटिश कोलंबियाच्या सॅनिच खाडीत समुद्रात प्लॅस्टिकच्या अजस्र पिशव्या सोडून तांब्याचे आणि पाऱ्याचे प्रयोग झाले. तांब्याने शेवाळ सरसकट मेलं नाही. मोठे डायटम (काचेसारख्या कवचाचं शेवाळ) मागे पडले आणि बारीक फ्लॅजेलेट (शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव) पुढे आले. एकाच जातीवर चाचणी केली असती तर हे कळलं नसतं.

तळ उघडा ठेवायचा की बंद

घेर करायचं ठरलं तर पहिला निर्णय हा, आणि त्यावर बाकी सगळं ठरतं. उघड्या तळाचा घेर म्हणजे वर तरंगतं कडं, खाली लोंबणारा ताडपत्रीचा गोल पडदा आणि पडद्याची खालची कड साखळीने किंवा वाळूच्या पोत्यांनी गाळात अर्धा हात रुतवलेली. बंद तळाचा म्हणजे खालून शिवलेली, पाण्याने भरलेली पिशवी. ती दोरखंडांवर तरंगत राहते.

मराठवाड्यात धरणांचा तळ काळ्या मातीचा. फॉस्फरसचं अर्धं गणित या गाळातच दडलेलं असतं. पाणी प्राणवायूहीन झालं की लोहाला बांधलेला फॉस्फरस सुटून वर येतो, हे जगभर ठाऊक आहे. पण आपल्या मातीत चुना भरपूर, आणि चुन्याला बांधलेला फॉस्फरस असा सहजी सुटत नाही. शिवाय काळ्या मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत राहिले की प्रकाश खोल जात नाही, म्हणजे खत असूनही शेवाळाला उजेड कमी. कॅनडातल्या ग्रॅनाइटवरच्या नितळ तळ्याचं उत्तर इथे उचलून ठेवता येणार नाही ते यामुळेच. प्रश्न जर ‘सांडपाणी बंद केलं तरी हे तळं किती वर्षं हिरवं राहील’ असा असेल, तर गाळाशिवाय केलेल्या प्रयोगाला काही अर्थ नाही. तळ उघडाच हवा.

बंद पिशवीची मर्यादा दुसरी. तिच्यात मेलेलं शेवाळ तळाशी बसतं, बरोबर खतही घेऊन जातं आणि वरचं पाणी हळूहळू उपाशी होत जातं. तीन-चार आठवड्यांनंतर तुम्ही धरणाचा नाही, पिशवीचा अभ्यास करत असता. पण गाळ बाजूला ठेवून फक्त प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवर, काय होतं ते बघायचं असेल तर ती चांगली, आणि तिचा आणखी एक मोठा गुण पुढे येतोच.

उघडा घेर गळतोय का, हे ओळखायला घरचंच साधन पुरतं. दोन मीटर व्यासाच्या, तीन मीटर खोल घेरात साधारण ९,४०० लिटर पाणी असतं. त्यात किलोभर मीठ विरघळवून नीट ढवळलं की विद्युतवाहकता सुमारे २०० मायक्रोसिमेन्सने वाढते. रोज मीटर बुडवून बघायचं. आकडा स्थिर राहिला तर पडदा गाळात नीट बसलाय. चार दिवसांत बाहेरच्या पाण्याएवढा झाला तर पडदा कुठेतरी दगडावर टेकलाय. ही चाचणी प्रदूषक घालण्याआधी करायची.

पाणी उतरतं

इंग्लंड-कॅनडातले लेख वाचून कुणी आराखडा केला की तो इथे अडकतो. त्यांच्या तळ्याची पातळी वर्षभरात हातभर हलते. आपल्याकडे ऑक्टोबरात पाय न टेकणाऱ्या जागी एप्रिलमध्ये गाळपेर उभी असते. रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी काठापासून दिसामाजी सरकतं, आणि शेतकरी मोटारीचा पाइप मागोमाग लांबवत नेतो. तीन मीटर पाण्यात लावलेला उघडा घेर दीड मीटरवर आला की त्यातलं पाणी निम्मं झालं, पडद्याला घड्या पडल्या आणि तुमची मात्रा काय होती याला काही अर्थ उरला नाही. बंद पिशवी मात्र पाण्याबरोबर खाली येते. दोरखंडांना ढील ठेवली असेल आणि खाली पुरेसं पाणी असेल तर तिच्यातल्या एका लिटरचाही हिशोब बिघडत नाही. तिचा मोठा गुण तो हाच.

नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, आकाराने अवाढव्य, २,९०९ दशलक्ष घनमीटरचा, पण पसरट. क्षेत्रफळाने भागलं तर भरलेला असतानाही सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास निघते. त्यात मोकळ्या पाण्यावर वारा लांबून येतो आणि चांगल्या लाटा उठतात. लहान बजेटच्या घेराला ते पाणी झेपत नाही. त्याऐवजी कोल्हापुरी बंधाऱ्याचं पाणी बघा. ऑक्टोबरात बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाकले की थेट फेब्रुवारीपर्यंत बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटर पाणी थांबतं, लाटा नसतात आणि गावचं सांडपाणी तिथेच मिळत असल्याने प्रश्नही खराच असतो. शहरातल्या तळ्यांना आवर्तनाचा त्रास नाही, हा त्यांचा फायदा.

थोडक्यात उघड्या घेराचा मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यातही डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडून सगळं मंदावतं, तेव्हा शेवाळाचा प्रयोग असेल तर दिवाळीच्या आगेमागे सुरू करावा. मार्चनंतर वळवाच्या वाऱ्याने तरंगती कडी उलटतात. आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी अट्टहास करू नका. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मृतसाठ्यात गेलेल्या धरणात तुमचा घेर कुणी उभारू देणार नाही, देऊही नये.

हौद आणि शेततळं

काठावरच्या हौदाचं सगळं सुख म्हणजे ताबा. पातळी तुमची, कुलूप तुमचं, प्रयोग संपल्यावर पाण्याचं काय करायचं तेही तुमच्या हातात. कापूस-सोयाबीनवर फवारलेलं कीटकनाशक पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात आलं तर पाण्यातल्या किड्यांचं आणि प्राणिप्लवकांचं काय होतं, हा मराठवाड्यातला अगदी जिवंत प्रश्न आहे आणि तो हौदातच विचारता येतो. युरोपात कीटकनाशकांना परवानगी देताना अशाच काठावरच्या तळ्यांतली निरीक्षणं विचारात घेतात.

पण हौद उन्हात भाजून निघतो. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममध्ये दुपारचं आणि पहाटेचं तापमान यांत जेवढा फरक पडतो, तेवढा धरणातल्या जिवांनी कधी पाहिलेलाच नसतो. त्यामुळे ड्रम आणि काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या या कामाला घेऊ नयेत. टाकी जमिनीत गळ्यापर्यंत पुरावी, निदान एक हजार लिटरची असावी आणि वर अर्ध्या भागावर हिरवं शेडनेट.

दुसरं दुखणं बाष्पीभवनाचं. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडतं. एक मीटर खोल हौदातून महिन्यात ३० सेंटिमीटर गेलं तर न उडणाऱ्या प्रदूषकाची तीव्रता चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली, तुम्ही काही न घालता! तीन मीटरच्या घेरात तेवढंच पाणी उडालं तर फरक दहा-अकरा टक्क्यांचा. भर घालायची तर बोअरच्या पाण्याने नको. ते कडक असतं, बऱ्याच गावांत नायट्रेटही असतं. शुद्ध केलेलं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं. आणि हौदात दहा सेंटिमीटर तरी गाळ धरणातून आणून पसरावा, दोन-तीन आठवडे मुरू द्यावा, हौदांमधलं पाणी बादल्यांनी एकमेकांत फिरवावं आणि मगच मात्रा घालावी. हे टाळलं तर प्रत्येक हौद आपापल्या वाटेने जातो आणि शेवटी फरक विषाचा की हौदाचा, ते कळत नाही.

शेततळ्याचा विचार फारसा कुणी करत नाही, याचं मला नवल वाटतं. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ ची. तिच्यात सगळ्यांत मोठा आकार ३० बाय ३० बाय ३ मीटरचा. मधोमध पडदा टाकून एका शेततळ्याचे दोन भाग केले की कॅनडाच्या त्या तळ्याची छोटी आवृत्ती तयार. तीन शेतकऱ्यांची तीन शेततळी मिळाली तर तीन जोड्या, म्हणजे बऱ्यापैकी भक्कम प्रयोग. अडचण दोन ठिकाणी. अस्तर असलेल्या तळ्यात गाळ नसतो. आणि मोसंबीला पाणी लागलं की मोटार सुरू होणार, तुमच्या पीएचडीसाठी बाग वाळवणार कोण? लेखी बोलणं करून, पाण्याचे दिवस आधी ठरवून घ्यावेत. अर्थात शेततळ्यात फक्त खताचे किंवा शेणखताच्या निचऱ्याचे प्रयोग. कीटकनाशकाचा थेंबही नाही, ते पाणी पुढे पिकाला आणि जनावरांना जातं.

पिंजरा

सगळ्यांत स्वस्त, आणि एका कामात सगळ्यांत सरळ. नाला मिळतो त्याच्या वर एक, तोंडाशी एक, खाली दोन-तीन ठिकाणी, असे पिंजरे ठेवायचे. मासे ठेवले तर काही दिवसांत जगण्या-मरण्याचं उत्तर मिळतं. शिंपले ठेवले तर महिन्याभरात त्यांच्या मांसात धातू किती साठले ते मोजता येतं. शिंपला दिवसभर पाणी गाळत बसलेला असतो, त्यामुळे तुम्ही तिथे नसताना रात्री सोडलेलं पाणीही त्याच्यात नोंदलं जातं. महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीला हे कधीच जमत नाही.

मर्यादा अशी की मासे मेले तर कशाने, ते पिंजरा सांगत नाही. बहुतेक वेळा विषाच्या आधी प्राणवायू संपलेला असतो, म्हणून मीटर शेजारी लावूनच ठेवायचा. पिंजरे चोरीला जातात, जलपर्णीत अडकतात. तिथल्या भोई मंडळींना आधीपासून सोबत घेतलं तर यातला बराच त्रास वाचतो. कुठल्या कोपऱ्यात जाळं कधी काळं पडून निघतं, हे त्यांना तुमच्या आधी ठाऊक असतं.

भिंत, संख्या आणि पाणकावळे

घेर घ्या की हौद, भिंतीवर शेवाळ चढतंच, आणि ते पाण्यातलं खत तुमच्या प्लवकांच्या आधी खातं. गोल घेरात दर घनमीटर पाण्यामागे किती भिंत, हे काढायला २ ला त्रिज्येने भागायचं. एक मीटर व्यास असेल तर ४ चौरस मीटर भिंत, तीन मीटर असेल तर १.३. इंग्लंडच्या ब्लेलहॅम टार्न तळ्यात १९७० च्या दशकात वापरलेले गोल घेर सुमारे ४५ मीटर व्यासाचे होते. त्यांना भिंतीची चिंताच नव्हती. आपल्याला ते परवडणार नाही, पण दोन मीटरच्या खाली जाऊ नये, आणि भिंत दर आठवड्याला पुसायची की अजिबात नाही, हे सगळ्या घेरांना सारखं ठेवावं.

संख्येबाबत परीक्षक हमखास पकडतात ती चूक म्हणजे एकाच घेरातून दहा बाटल्या भरून दहा नमुने म्हणणं. तो एकच नमुना. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यावर लिहिलं, तरी अजून चालूच आहे. बारा घेर जमत असतील तर चार मात्रा, प्रत्येकी तीन. आठच जमत असतील तर दोन कोरे (काहीच न घातलेले) आणि सहा वेगवेगळ्या चढत्या मात्रा घेऊन मात्रा आणि परिणाम यांची रेषा काढावी. माझ्या मते लहान बजेटला हेच बरं. कुठल्या घेरात काय, ते चिठ्ठ्या टाकून.

घेर बंद करण्याआधी आतले मासे जाळ्याने काढावेत. एका घेरात चार तिलापिया राहिले आणि दुसऱ्यात एकही नाही, तर पुढचा सगळा फरक त्यांचाच. पाणकावळ्यांना तरंगतं कडं बसायला फार आवडतं, आणि त्यांची विष्ठा म्हणजे फुकटचा फॉस्फरस. कड्यावर उभ्या काड्या किंवा आडव्या दोऱ्या बांधाव्यात.

कागदपत्रं

पैठणचं धरण पक्षी अभयारण्य आहे आणि छत्रपती संभाजीनगर, जालना त्याच्यावर पाणी पितात. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय एक बांबूही रोवता येत नाही, आणि बाहेरून काहीही घालायचा विचार तर सोडाच. इतर धरणांवर जलसंपदा विभाग आणि मासेमारीचा ठेका असलेली सहकारी संस्था, दोघांचं पत्र हवं. १९७४ च्या जल कायद्याचं २४ वं कलम पाण्यात प्रदूषक सोडायला मनाई करतं, ते प्रयोगासाठी म्हणून डोळेझाक करत नाही. त्यामुळे बंद पिशवी असली तरी विष धरणात नको. पिशवी फाटते. माशांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढेही जावं लागतं.

एक गोष्ट मात्र घेराला, हौदाला, अगदी शेततळ्यालाही जमत नाही, ती म्हणजे पिढ्या. त्याच कॅनडातल्या क्षेत्रात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक एका अख्ख्या तळ्यात अगदी नगण्य मात्रेत सोडलं. वाढ झालेले मासे मेले नाहीत, पण तळ्यातल्या एका छोट्या जातीच्या माशाची पुढची पिढी उभीच राहिली नाही आणि त्याची वस्ती जवळजवळ संपली. असले प्रश्न महिन्याभराच्या प्रयोगाने सुटले असं कुणी म्हणत असेल तर सावध राहावं.

पहिल्यांदाच करणार असाल तर मी असं सुचवेन: गावाजवळचा कोल्हापुरी बंधारा, आठ उघडे घेर, दोन मीटर व्यासाचे, बांबू आणि रिकाम्या ड्रमांच्या तराफ्याला बांधलेले. आत गावचंच सांडपाणी सहा चढत्या मात्रांत. ते पाणी तिथे नाहीतरी येतच असतं, त्यामुळे पाटबंधारेवालेही फार अडवत नाहीत. प्राणवायू पहाटे पाचला आणि दुपारी तीनला, म्हणजे कुणीतरी गावातच मुक्कामाला हवं. दहा वाजता बसने येऊन घेतलेला एकच आकडा कामाचा नाही. बीओडी आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांवर तीन दिवसांचा. आणि बर्गे कधी काढणार ते आधीच लेखी घ्या, कारण ते काढले की रात्रीतून पाणी जातं आणि पडदे गाळातून उपसून काढायला दुप्पट माणसं लागतात.